फेकलेल्या मालाची वाटणी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या सोसायटीच्या फाटकावर आता तुमचं नाव सांगितलं तर वॉचमन नुसता बघत राहतो. गेल्या आठवड्यात भुकूमवरून जाताना मी स्कूटर थांबवली होती. तुमच्या वेळी इमारतीच्या मागे भाताची खाचरं होती, भात निघालं की हरभरा असायचा. तिथे आता दोन उंच इमारती उभ्या आहेत आणि तिसरीचा पाया खणून ठेवला आहे. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी मात्र ओळखू आली. तिथे कुणीतरी लहान मुलाचे कपडे वाळत घातले होते. वॉचमन म्हणाला, "मॅडम, किसके यहाँ जाना है?" कुणाकडेच नाही म्हणाले आणि घाट ओलांडून मुठ्याला घरी आले. पण यंदाच्या श्रावणात आमच्या गावात जे घडलं त्यात तुम्ही होतात, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना. म्हणून लिहिते आहे.

आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलं होतं, 'समुद्री मालवाहतुकीचे शब्द शिकवले जातील. मुलींनी यावे.' खाली पत्ता. समुद्री! आमच्यापैकी निम्म्या मुलींनी समुद्र कॅलेंडरवर पाहिलेला. आम्ही तिघी आलो, त्याही निम्म्या गंमत म्हणून. दार उघडलं तर हॉलमध्ये छतापर्यंत खोकी. मुंबईच्या एका मालवाहतूक कचेरीत सगळी नोकरी काढून तुम्ही निवृत्त झालात, भुकूमला फ्लॅट घेतलात, आणि जन्मभर जगाचा माल जिकडचा तिकडे पोचवणाऱ्या बाईंनी स्वतःचं सामान सोडलेलंच नव्हतं. "माझाच माल अजून उतरायचाय," म्हणालात आणि आम्हाला खोक्यांच्या मधून आडवं चालवत स्वयंपाकघरात नेलंत. शेवटपर्यंत वर्ग तिथेच भरला. आम्ही जमिनीवर, तुम्ही ओट्याला टेकून उभ्या, आणि गॅसवर नेहमी काहीतरी शिजत असलेलं.

पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "पुण्याच्या चारी बाजूंना गोदामं उठतायत. तुमच्याच बापांच्या जमिनींवर उठतायत. तिथे तुम्ही पोरींनी फक्त चहाचे कप उचलायला जायचं नसेल, तर हे शब्द शिका. हे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. ज्यांना येतात ते लोक हे शब्द मालकीचे असल्यासारखे वापरतात, एवढंच." मला तुम्ही त्या वाक्याला आवडलात. मी तेव्हा अशीच होते, कुणी कुणाच्या हक्काचं बोललं की माझ्या अंगावर काटा यायचा. आजही येतो.

किती सोपं करून सांगायचात. मालाच्या मध्ये, खाली, बाजूला जे लाकूड, पेंढा, हवेच्या पिशव्या घालतात त्याला डनेज म्हणतात, हे तुम्ही बरणीत पापड भरताना शिकवलंत. जो माल शेवटच्या बंदरात उतरणार तो सगळ्यात खाली जातो, हे डब्यांची उतरंड रचून दाखवलंत आणि मग खालचा डबा ओढायला लावलात. माल बंदरातच पडून राहिला तर डेमरेज नावाचा दंड लागतो, आणि रिकामा कंटेनर घरी नेऊन वेळेत परत केला नाही तर डिटेंशन. तुमच्या शेजारणीने इडलीपात्र नेलं होतं. ती जिन्यात भेटली की तुम्ही आमच्याकडे बघून हळूच म्हणायचात, "डिटेंशन चालू आहे." आणि 'सेड टू कंटेन'! जहाज कंपनी बंद पेटी उघडून बघत नाही, म्हणून कागदावर लिहिते की आत अमुक माल आहे म्हणे. आमच्यातल्या एकीला त्या दिवसांत स्थळं येत होती. ती सांगायची, मुलगा हिंजवडीला इंजिनियर आहे, स्वतःचा फ्लॅट आहे, निर्व्यसनी आहे. तुम्ही पोळी लाटता लाटता म्हणायचात, "सेड टू कंटेन." तिने ते स्थळ नाकारलं. पुढे ज्याच्याशी लग्न केलं त्याला आधी दोनदा चहाला बोलावून नीट बोलून घेतलं, असं ती आजही सांगते.

रागावलातही. मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. ढाल घेऊन, पेढे घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, भाषण म्हणून दाखव. मी ओट्यासमोर उभी राहून सगळं भाषण केलं, हातवाऱ्यांसकट. जमीन आपली आई आहे, ती विकू नका, विकणाऱ्याला येणाऱ्या पिढ्या माफ करणार नाहीत. तुम्ही आमटी ढवळत होतात. संपल्यावर गॅस बारीक केलात.

"एकूण वजन भरपूर आहे," म्हणालात. "आता टेअर वजा कर."

"म्हणजे?"

"कंटेनरच्या दारावर रंगवलेलं असतं, रिकामा असताना त्याचं वजन किती. ते टेअर. ते वजा केल्यावर उरतो तो माल. तुझा आवाज, ते हातवारे, तीन वेळा पेटवलेली मशाल, हा झाला डबा. चांगला मजबूत डबा आहे. आत काय आहे? विकू नका म्हणालीस. ज्याच्या घरात दवाखाना चालू आहे त्याने न विकून काय करायचं, हे सांगितलंस? मी ऐकलं नाही ते. आमटीच्या आवाजात राहून गेलं असेल."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी निघाले. तुम्ही ताट वाढलंत आणि म्हणालात, "राग तुझा तुझ्याकडे ठेव. आमटी गरम आहे." मी बसले आणि जेवले. बाई, त्यानंतर मी शेकडो भाषणं केली असतील, आता तर व्याख्यानांच्या मानधनावरच घर चालतं. खूप वाचलं, घरात ठेवायला जागा उरली नाही इतकी पुस्तकं जमवली. पण कुठलंही भाषण उभं करताना आधी डबा आणि माल वेगळा काढते. दरवेळी जमत नाही, पण काढते.

मला नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही नारिंगी रंगाचा लॅशिंगचा पट्टा दिलात, माल जागेवर आवळून बांधायचा, लोखंडी खटक्याचा. मुलींना लोक पेन देतात, साडी देतात. तुम्ही म्हणालात, "जहाज बुडत नाही गं एवढ्या सहज. आतला माल सुटतो, एका बाजूला सरकतो, मग कलंडतं." मी तो पट्टा वापरून वापरून झिजवला. भाताची पोती बांधली, आईला दवाखान्यात नेताना तिची खाट टेंपोत बांधली, एकदा चुलतभावाच्या वरातीत जनरेटर बांधला.

पण मला सांगायचं आहे ते परातीबद्दल. त्या दिवशी तुम्ही परातीत पाणी भरलंत आणि त्यात एक पसरट ताट तरंगत ठेवलंत. ताटात तीन वाट्या ठेवल्यात, आमच्या तिघींच्या. एकीच्या वाटीत पोहे, एकीच्या वाटीत शेंगदाणे, आणि माझ्या वाटीत काजू, कारण मी हावरटासारखे तेच मागून घेतले होते. मग तुम्ही परात हलवायला लागलात. ताट कलंडायला आलं. तुम्ही म्हणालात, "वादळ आहे. जहाज बुडणार. कप्तानाने ठरवलं, वजन कमी करायचं." आणि माझी वाटी उचलून काजू पाण्यात ओतलेत. ताट सावरलं. पोहे आणि शेंगदाणे कोरडे राहिले.

"आता सांगा, काजूंचं नुकसान कुणाचं?"

एक म्हणाली, जिचे काजू तिचं. तुम्ही म्हणालात, "लाट येऊन काजू भिजले असते तर बरोबर होतं. आपोआप झालेलं नुकसान ज्याचं त्याचं. त्याला पर्टिक्युलर ॲव्हरेज म्हणतात. पण हे लाटेने केलं नाही. सगळ्यांना वाचवायला माणसाने मुद्दाम केलं, आणि त्याने सगळे वाचले. तेव्हा ते सगळ्यांचं. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. ज्याचा जेवढा माल वाचला त्याच्या मानाने त्याने भरायचं. जहाजाच्या मालकानेसुद्धा, कारण त्याचं जहाज वाचलं. फार जुना नियम आहे. कंपन्या नव्हत्या, विमा नव्हता, तेव्हापासूनचा."

मी उभीच राहिले. हा तर माझाच नियम होता! म्हणजे या दोघींनी मला भरून द्यायचं, मी म्हणाले.

"आणि तूही भरायचं," तुम्ही म्हणालात.

बाई, मी केवढी भांडले. माझेच काजू गेले आणि मीच भरू? हा कसला न्याय? हा व्यापाऱ्यांचा न्याय आहे, ज्याचं गेलं त्याच्याच खिशात पुन्हा हात! तुम्ही मला सगळं बोलून घेऊ दिलंत. मग परातीतला एक भिजका काजू उचलून तोंडात टाकलात आणि विचारलंत, "तू जहाजावर नव्हतीस का?"

मला ते पटलं नव्हतं. परीक्षेला लिहावं तसं वहीत लिहिलं, पण पटलं नव्हतं. पुढे नोकरीत जनरल ॲव्हरेजचे कागद एक-दोनदा टेबलावर आले, तेव्हाही मी हातावेगळे केले आणि विसरले. तुम्ही गेलात ते मला उशिरा कळलं. भुकूमला आले तेव्हा तुमचे कुणी भाचे हॉलमधली खोकी न उघडताच टेंपोत चढवत होते.

आता श्रावणातलं सांगते. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला शहरातल्या एका कंपनीने शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी प्लॉट पाडले. पाडताना ओढ्याचं जुनं पात्र मुरूम टाकून बुजवलं आणि वर कुंपणाची भिंत घातली. आम्ही अर्ज दिले होते. यंदा श्रावणात तीन दिवस धार तुटली नाही, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्या भिंतीला अडून फिरलेलं पाणी सरळ वाडीकडे यायला लागलं. सगळ्यांत आधी आमच्या खोल्या होत्या, माझ्या भावाने, दादाने, बांधून कामगारांना भाड्याने दिलेल्या. त्यात बिहारची, नांदेडकडची माणसं, बायका-मुलं. पाणी उंबऱ्याला लागलं. ते वळवायला एकच जागा होती, तात्यांच्या खालच्या खाचराचा बांध. तो फोडला की पाणी खाचरातून नदीकडे जाणार होतं.

तात्या म्हणजे गावातले माझे कायमचे विरोधक. मी ग्रामसभेत उठले की हे म्हणणार, "आली आकाशवाणी." मी दारूच्या दुकानाविरुद्ध बोलत होते तेव्हा मागून म्हणाले, "ताई, आवाज बारीक करा, म्हशी बुजत्यात." अख्खी सभा हसली होती. माझ्या एकाही ठरावाला त्यांनी हात वर केलेला नाही. त्या दुपारी सगळे पहारी घेऊन बांधावर उभे होते आणि कुणाचा हात उठत नव्हता. लावणी झालेलं, हिरवंगार फुटवे धरलेलं भात. तात्या इरलं घेऊन आले, खाचराकडे बघितलं, वाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "बघताय काय? फोडा." पहिली पहार आमच्या दादाने घातली. वाडी वाचली. एकाही घरात पाणी शिरलं नाही. तात्यांचं भात गेलं, आणि त्यावर गुडघाभर मुरूम-दगड येऊन बसले.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उठले. मी त्या कंपनीवर असे काही आसूड ओढले की शाळेच्या पत्र्याला टाळ्यांनी हादरे बसले. बुजवलेला ओढा, पैसे चारून मंजूर केलेले नकाशे, शहरातून येऊन आमच्या उशाशी पाणी साठवणारे लोक, काही सोडलं नाही. खाली बसले. तर समोरून एक जण उठला आणि म्हणाला, "ताई बोलल्या त्ये लाखातलं हाय. मंग ठरलं. तात्याचं जे काय झालं त्ये कंपनीकडनं घ्यायचं. केस करू." सगळ्यांनी माना डोलावल्या. लोक चपला शोधायला लागले. आणि मला कळलं की मी आत्ता काय केलं. मी इतकं जोरात बोलले होते की सगळ्यांना निघून जायला वाट मिळाली होती. केस उभी राहायला किती वर्षं जातील हे त्या सभेतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. तात्या मागे भिंतीला टेकून छत्री मांडीवर धरून बसले होते. या वेळी आकाशवाणी म्हणाले नाहीत. तेच मला लागलं.

मी परत उठले. माईक घेतला नाही. "एक इचारायचं राह्यलं. बांध पाण्यानं फोडला का आपण?"

"आपण," कुणीतरी म्हणालं.

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

"तात्याच म्हनलं की, फोडा."

"कशापायी?"

"वाडी वाचवाया."

"वाचली का?"

"वाचली की! न्हाईतर हितं बसलो असतो व्हय?"

मग मी त्यांना जहाजाची गोष्ट सांगितली. तुमच्या परातीसारखीच, वाट्यांऐवजी पोती घेऊन. हातवारे नव्हते. कंपनीवर केस करायचीच, मी म्हणाले, पण दोष कुणाचा हे ठरेपर्यंत वाटणी थांबत नसते. आधी आपण आपसांत, मळणीनंतर प्रत्येकाने भात घालून, वाटून घ्यायचं, मग सगळ्यांनी मिळून दोषी धरायचा. तुम्ही हेही शिकवलं होतंत. जहाज कुणाच्या चुकीने अडकलं याची भांडणं वेगळी चालतात, वाटा वेगळा भरायचा असतो.

"ह्ये कुटल्या कायद्यात हाय?" एकाने विचारलं.

"समुद्राच्या."

"हितं कुटं आला समुद्र?"

"धरान हाय की! त्यात सोडा ताईचं जहाज!" मागून कुणीतरी, आणि सभा हसली. पण या वेळी कुणी चपला शोधत नव्हतं. म्हातारी माणसं आपसांत बोलत होती. काम होत आलं होतं, बाई. तेवढ्यात तात्या उठले. "मला कुणाचं काय नको," म्हणाले. "झोळी घिऊन कवा फिरलो न्हाई, आता बी फिरनार न्हाई." आणि छत्री उघडून पावसात निघून गेले. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. ज्याला द्यायचं तोच नको म्हणतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

घरी आल्यावर दादा पेटलेलाच होता. "समद्यात जास्ती वाचलं कुणाचं? आपल्या खोल्यांचं. म्हंजी समद्यात जास्ती कुणी द्यायचं? आपुन! टाळ्या तुला आन् पोती मला?"

"व्हय," मी म्हणाले.

"लई शानी." तो ताटावर बसला, अर्धी भाकरी खाल्ली, आणि मग खाली बघत म्हणाला, "पहिली पहार मीच घातली गं. हाताला अजून त्याचा धक्का हाय." एवढंच. पुढे त्याने वाद घातला नाही. पण तात्या घेत नव्हते, तोवर दादाने द्यायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या ओट्यावर गेले. जाताना मनात मोठमोठी वाक्यं रचत होते. हक्क, सन्मान, सामूहिक ऋण. तात्यांनी मला येताना बघून काकूंना हाक मारली, "चा टाका. आकाशवाणी घरी आलीया."

मी बसले. रचलेलं एकही वाक्य त्या माणसासमोर टिकणारं नव्हतं. मी म्हणाले, "तात्या, पाणी वाडीत शिरलं असतं तर तुमचं घर कोरडं राह्यलं असतं का?"

"कसं राहील? माझं घर काय डोंगरावर हाय?"

"मंग तुमचं घर बी वाचलं."

"वाचलं. मंग?"

"मंग तुमाला बी वाटा द्यावा लागंल."

त्यांनी बशी खाली ठेवली. "काय म्हनलीस? खाचर माझं गेलं, आन् वाटा बी म्याच द्यायचा? ह्यो कुटला न्याय?"

बाई, त्यांचा चेहरा बघून मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. तो राग माझाच होता, शब्दही माझेच. आणि मला उत्तर शोधावं लागलं नाही. "तुमी जहाजावर व्हता का न्हवता?" मी विचारलं.

काकू दारात उभ्या होत्या, त्या हसायला लागल्या. "अवो, घ्या म्हनत न्हाई ती. द्या म्हनतीया!"

तात्यांनी पानाचा डबा पुढे ओढला, परत मागे सारला. "किती द्यायचं?"

"सगळ्यांनी जसं, तसंच. जेवढं वाचलं त्या मानानं. मंग सगळी रास झाली की त्यातनं तुमच्या खाचराचं."

"सगळ्यांवानी?"

"सगळ्यांवानी."

"आन् सरपंचाचं घर दुमजली हाय. त्याचं?"

"त्याचं जास्ती."

तात्या पहिल्यांदा हसले. "मंग घे लिहून," म्हणाले.

तेव्हा मला कळलं. इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच्या ओट्यावर. ज्याचा माल फेकला त्याला नुसतं भरून दिलं तर तो घेणारा होतो, बाकीचे देणारे होतात, आणि जहाजावर दोन जाती तयार होतात. त्यानेही वाटा भरला की तो बाकीच्यांच्या बरोबरीने उभा राहतो. मी जन्मभर स्टेजवरून समतेवर बोलत आले आणि समतेचं हे एवढं साधं कलम मला कळलं नव्हतं. ते व्यापाऱ्यांनी आणि खलाशांनी कधीच करून ठेवलं होतं, आणि तुम्ही ते मला काजू बुडवून शिकवलं होतंत.

पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. कुणाचं किती वाचलं हे ठरवायला बसलो तेव्हा गावातली सगळी घरं एकदम गरीब झाली. पोराच्या लग्नात "आमचं चिरेबंदी हाय" म्हणून सांगणारा माणूस म्हणाला, "माझ्या घरात काय व्हतं वाचाया? चार पत्रं आन् उंदरं." त्याच्या बायकोने आतून ओरडून सांगितलं, "आन् फ्रीज!" भाडेकरूंचं काय यावरही वाद झाला. त्यांची माणसं वाचली, पण त्यांच्याकडे भात कुठलं? तर ती नांदेडची पोरं स्वतःच आली आणि म्हणाली, आम्ही मुरूम उचलायला येतो, तो आमचा वाटा. दसऱ्याच्या आत घरटी एकेक माणूस लागून खाचर मोकळं झालं आणि बांध पुन्हा उभा राहिला. नवा बांध जुन्यापेक्षा रुंद आहे. तात्या रोज तिथे उभे राहून प्रत्येकाच्या कामाला नावं ठेवत होते. ते बघून मला बरं वाटायचं.

परवा मळण्या आटोपल्यावर शाळेच्या पटांगणात ताडपत्री अंथरली. मी सकाळी लवकर गेले, तरी तात्या माझ्या आधी आलेले. वरच्या खाचराचं त्यांचं थोडंसं भात होतं, त्यातलं पोतं त्यांनी स्वतः पाठीवर आणलं होतं. कुणाची वाट न बघता त्यांनी ते मधोमध ओतलं आणि बाजूला जाऊन उभे राहिले, आता तुमचं येऊ द्या, अशा चेहऱ्याने. मग एकेक येत गेले. दादाने आमचं आणलं. सगळ्यांत जास्त आमचं, आणि तो ते ओतताना सगळीकडे बघत होता, बघणारे बघतायत ना म्हणून. काकूंनी राशीला हळदकुंकू वाहिलं. मी घसा साफ केला तसे तात्या म्हणाले, "ताई, भाषान न्हाई हां. भात हाय त्ये, ऐकत न्हाई." सगळे हसले, मीही हसले. दुपारी तात्यांच्या घरी रास पोचली. आणि संध्याकाळच्या बैठकीत माझ्या पाणपट्टीच्या ठरावाविरुद्ध त्यांनी हात वर केला.

हे सगळं तुम्हाला आवडलं असतं. तुम्ही काहीतरी खोचक बोलला असतात, आणि मग ताट वाढलं असतंत. आज मी जी काही आहे, ज्या घशावर माझं घर चालतं आणि ज्या डोक्यावर तो घसा चालतो, त्यातलं बरंचसं तुमच्या त्या ओट्यासमोर बसून मिळालं. आभार मानायला मी कधी आले नाही. तेव्हा वाटायचं, बाई काय, आहेतच.

हे पत्र कुठे टाकणार? कपाटात राहील. जाता जाता एक सांगते. गावात आता त्या वाटणीला 'ताईचा नियम' म्हणतात. शेजारच्या वाडीत गोठ्याला आग लागली, पसरू नये म्हणून एकाची गवताची गंजी ओढून पाडली, तर लोक म्हणाले, ताईच्या नियमानं करा. मी ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही. ग्रामसभेतही, कुठल्या कायद्यात आहे म्हणून विचारलं तेव्हा, समुद्राच्या म्हणाले, तुमचं नाव घेतलं नाही. मोठेपणासाठी नाही, बाई. नाव घेतलं असतं तर माझा आवाज फुटला असता, आणि एवढ्या लोकांसमोर तो फुटलेला मला अजून चालत नाही.